हिरव्या शाईचे शेरे

७ ऑक्टोबर

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण या इमारतीत खुर्चीवरून उठायची परवानगी अजून वरून यायची आहे. तेव्हा बसल्या जागेवरूनच.

माझ्या हातचं पत्र बघून तू आधी चष्मा पुसशील आणि मग कोण आजारी आहे ते शोधशील. सगळे ठणठणीत आहेत. सतरा वर्षं कॉम्प्युटरवर पोट भरलेल्या तुझ्या भाचीकडे सध्या कॉम्प्युटर नाही, एवढंच झालंय. म्हणजे टेबलावर तो आहे, चालूही होतो, पण आत शिरू देत नाही. फोन सकाळी फाटकावरच्या कप्प्यात ठेवावा लागतो, कारण इथे अख्ख्या शहराच्या पाण्याच्या नळांचे नकाशे आहेत आणि मी त्यांचे फोटो काढून कुणालातरी विकेन अशी त्यांना भीती वाटते. माझ्यापाशी उरलंय एक पेन, फाटकावरून मागून आणलेले कागद आणि साडेनऊ ते सहापर्यंतचा वेळ.

काम तसं सरळ आहे. शहरात जमिनीखाली जेवढे व्हॉल्व्ह आहेत, म्हणजे कुठल्या गल्लीचं पाणी कुठून बंद करायचं त्या जागा, त्यांची नोंद एका जुनाट प्रोग्रॅममध्ये आहे. ती नव्या प्रोग्रॅममध्ये न्यायची. तीन महिन्यांचं कंत्राट. नोकरी सोडून स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं माझं पहिलं.

तर जुन्या प्रोग्रॅममध्ये शिरायला पासवर्ड लागतो. पासवर्डसाठी फॉर्म लागतो. फॉर्मवर नोंदणीप्रमुखांची सही लागते. नोंदणीप्रमुख दुसऱ्या मजल्यावर बसतात आणि हिरव्या शाईने लिहितात. त्यांच्याबद्दल मला एवढंच माहीत आहे, पण तेवढं पुरे झालं. माझा फॉर्म पाचव्या दिवशी परत आला. त्यावर शेरा होता: ‘छायाचित्रात अर्जदार हसत आहे. फेरसादर करावे.’

तुला हसू येत असेल तर खुशाल हस, तुझा फोटो कुठे लावायचा नाहीये. पण करारात एक कलम आहे, आत्या. तीस दिवसांत काम सुरू झालं नाही तर करार आपोआप रद्द. काम सुरू होणं म्हणजे मी त्या प्रोग्रॅममध्ये पहिल्यांदा शिरणं. आज सातवा दिवस आहे.

घरी यातलं काही सांगितलेलं नाही. नोकरी सोडू नकोस असं सगळे म्हणत होते. नवरा तोंडाने काही म्हणाला नाही, पण त्याचा एक सुस्कारा मला अजून ऐकू येतो. तू एकटीच म्हणालीस, सोड. आता रोज जेवताना लेक विचारते, आज काय केलंस? काल मी सांगितलं, चारशे नोंदी हलवल्या. खरं तर मी खुर्ची हलवली होती, ऊन येत होतं म्हणून. तेव्हा उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. घरी पत्र आलं तर नवरा ते फोडणार नाही, पण पाकिटाकडे बघत बसेल, आणि ते मला सोसणार नाही.

तुझी,
ठकी


११ ऑक्टोबर

चि. ठकी,

आशीर्वाद. फॉर्मची वाट न बघता पाठवते आहे.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा रागावले, तिसऱ्यांदा तुझं अक्षर बघितलं. शाळेतल्यापेक्षा वाईट झालंय.

मी एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळलं. ऑफिसात आलेला प्रत्येक कागद आणि गेलेला प्रत्येक कागद माझ्या हाताखालून जायचा. तेव्हा मला फॉर्मच्या गोष्टी सांगू नकोस, मी त्यांच्यात म्हातारी झालेय. फोटो दुसरा काढ. तोंड असं कर की नवऱ्याने सुस्कारा सोडलाय. ते तुला जमेल.

आणि एक साधा प्रश्न. त्या माणसाला तू भेटलीस का? पत्रात शाईचा रंग लिहिलायस, माणसाबद्दल एक अक्षर नाही. पाच दिवस ज्याच्यावर दात खातेस त्याला दात आहेत की नाहीत एवढं तरी बघून ये.

नवऱ्याशी खोटं बोलते आहेस ते मला आवडलेलं नाही. पण कुणाला सांगणार नाही.

आत्या


१६ ऑक्टोबर

ती. आत्या,

तुझं पत्र व्यवस्थित पोचलं. तू पाकिटावर ‘खाजगी’ लिहिलं होतंस म्हणून आवक विभागाने ते न फोडता दिलं, पण देताना मी काहीतरी लफडं करतेय असा चेहरा केला. कंटाळवाण्या दिवसांत तेवढीच माझी इभ्रत.

मख्ख चेहऱ्याचा फोटो जोडला. फॉर्म परत. शेरा: ‘सही काळ्या शाईत आहे. निळ्या शाईत अपेक्षित.’ (हिरव्या शाईत लिहिलेला.) निळ्या शाईत सही केली. काल फॉर्म परत. शेरा: ‘विभाग हा रकाना रिक्त आहे.’ आता मी बाहेरची, कंत्राटी. मला विभाग कुठून असणार? ‘लागू नाही’ असं लिहिलं तर फॉर्म खिडकीवरच घेत नाहीत. विभाग फक्त कर्मचारी क्रमांक असलेल्यांना मिळतो, आणि कर्मचारी क्रमांक मिळवायच्या फॉर्मवर पहिला प्रश्न आहे, विभाग कोणता?

मग घरून मदत विभागाला तक्रार पाठवली. दोन तासांत तक्रार बंद झाली. ‘उत्तर आपल्या कार्यालयीन ईमेलवर पाठवले आहे.’ कार्यालयीन ईमेल नाही हीच तर तक्रार होती.

ज्यांनी मला हे काम दिलं ते करारवाले दर सोमवारी घरच्या फोनवर विचारतात, प्रगती कशी आहे? मी म्हणते, उत्तम. एकदा खोटं बोलायची सवय लागली की माणूस मनापासून बोलायला लागतो.

भेटलीस का म्हणून विचारतेस. माझं तात्पुरतं कार्ड तळमजल्यापुरतं आहे. आणि खरं सांगू? मला जायचं नाही. मी इथे माझं काम येतं म्हणून आलेय, सहीसाठी कुणाच्या दारात उभी राहायला नाही. सतरा वर्षं तेच केलं. रजेसाठी, बढतीसाठी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान साहेबाच्या केबिनबाहेर. म्हणून तर बाहेर पडले.

चौदा दिवस उरलेत. जुन्या साहेबाचा निरोप आलाय, महिनाअखेरीपर्यंत यायचं असेल तर जागा आहे. फार प्रेमाने लिहिलंय. ते वाचून दोन घास कमी गेले. लेकीला सांगितलं, कामाचा ताण आहे.

ठकी


२० ऑक्टोबर

प्रति,
चि. ठकी, तळमजला, कोपऱ्यातलं टेबल

विषय: नोंदणीप्रमुख नावाच्या इसमाने चालवलेल्या छळाबाबत
संदर्भ: तुझे दि. १६ चे पत्र

रागावले की माझ्या हातून मुद्देच पडतात, त्याला इलाज नाही. उत्तर देताना मुद्द्याचा क्रमांक घालावा.

१) हा माणूस मूर्ख नाही. मूर्ख माणूस एका फेरीत सगळ्या चुका काढून मोकळा होतो. हा एका फेरीला एकच काढतो. त्याला फॉर्म नको आहे असं नाही, त्याला दिवस काढायचे आहेत. का, ते मला कळत नाही.

२) फोटोत अर्जदार हसतो म्हणून परत पाठवणाऱ्याच्या घरात फारसं कुणी हसत नसावं.

३) ‘सहीसाठी कुणाच्या दारात उभी राहायला आलेली नाही.’ छान. तुझा बापही असाच ताठ होता. त्याचं कुठे कुठे अडलं ते लिहीत नाही, कागद पुरणार नाही.

४) तीस तारखेला तुझं कंत्राट मोडणार आणि तू त्या प्रेमळ साहेबाच्या केबिनबाहेर पुन्हा जाऊन उभी राहणार. घरी सांगतेस त्या चारशे नोंदी तोवर चार हजार झालेल्या असतील, त्या कुठून आणणार आहेस? तू सतरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या मनाने काही केलंस. ते असल्या माणसापायी बुडालं तर मी त्याला कधी माफ करणार नाही, आणि तुलाही नाही.

५) आता जे लिहिते ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तो माझ्या टेबलासाठी. मी तो चौदा महिने खोक्यातून काढू दिला नाही. टेबलाची उंची नियमात बसत नाही, असं लिहून परत पाठवायची. मग वायर लांबीला कमी. मग खोलीला पडदा नाही. बसवायला येणारा इंजिनिअर फार भला होता, त्याला मी दर वेळी चहा पाजायची आणि खोलीची किल्ली द्यायची नाही. कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात आहे हे सगळ्या ऑफिसात मला एकटीला ठाऊक होतं. ते त्या खोक्यात गेलं की मी कोण, असं वाटायचं. मी घाबरले होते, ठकी. त्याने एकदा जरी विचारलं असतं, बाई, तुम्हाला एवढं ठाऊक कसं, तर मी त्याच दिवशी किल्ली दिली असती. त्याने विचारलं नाही. त्याची बदली झाली.

तेव्हा वर जा.

आत्या


२४ ऑक्टोबर

ती. आत्या,

अभिनंदन. तुझं पत्र मंजूर झालं.

या वेळी तू पाकिटावर ‘खाजगी’ लिहायला विसरलीस. त्याऐवजी ‘तातडीचे’ लिहून खाली दोन रेघा मारल्यास. आवक विभागाने ते फोडलं. वर प्रति, विषय आणि संदर्भ सापडला, आत क्रमांक घातलेले मुद्दे. एवढं नीट पत्र त्यांच्याकडे कित्येक वर्षांत आलं नसणार. त्यांनी शिक्का मारला, आवक क्रमांक ४११७ दिला, आणि विषयात नोंदणीप्रमुखांचा उल्लेख आहे म्हणून ते नोंदणीप्रमुखांकडे ‘पुढील कार्यवाहीस्तव’ रवाना केलं. मला एक प्रत दिली, माहितीस्तव. देणारी बाई म्हणाली, “मुद्दा पाच वाचून मला रडू आलं हो.” नंतर कळलं, आवक विभागात सगळ्यांना आलं.

म्हणजे आता त्या माणसाला कळलंय की मी त्याला काय समजते, तू त्याला काय समजतेस, त्याच्या घरात कुणी हसत नाही, मी घरी खोटं बोलते आणि माझा बाप ताठ होता. माझ्या उरलेल्या सहा दिवसांचं आता काय होणार ते वेगळं सांगायला नको.

मी तुझ्यावर चिडलेय. खूप. मग प्रत पुन्हा वाचली, आणि मुद्दा पाचपाशी थांबले. तू हे मला आधी का नाही सांगितलंस? तू कधी कुणाला घाबरली असशील हे मला खरंच वाटत नाही.

वर जायची हिंमत आता मुळीच राहिलेली नाही. जिन्यापर्यंत दोनदा गेले आणि पाणी पिऊन परत आले.

ठकी


२७ ऑक्टोबर

प्रति,
माननीय आत्याबाई

विषय: आवक क्र. ४११७ चे उत्तर

महोदया,

आवक झालेल्या प्रत्येक पत्रास सात दिवसांत उत्तर देणे या कार्यालयात बंधनकारक आहे. तरी मुद्देनिहाय उत्तर खालीलप्रमाणे.

मुद्दा १: मान्य. दिवस काढावयाचे होते.

मुद्दा २: मान्य. घरी मी एकटाच असतो.

मुद्दा ३: अर्जदाराचे तात्पुरते कार्ड तळमजल्यापुरते आहे याची मला कल्पना आहे. मात्र जिन्याला कार्ड लागत नाही. प्रत्येक फॉर्म परत करताना मला असे वाटे की आता तरी अर्जदार भांडावयास वर येईल. माझ्याकडे बरेच काही सांगण्यासारखे होते. खाली उतरून ते सांगण्याची मला सवय नाही. या बाबतीत आपल्या भाचीबाईंची व माझी योग्यता सारखीच दिसते.

मुद्दा ४: तीस दिवसांच्या मुदतीची माहिती या कार्यालयास कुणीही दिलेली नव्हती. ती मला आपल्या पत्रातूनच मिळाली. याबद्दल मी दिलगीर आहे. हे वाक्य कार्यालयाच्या वतीने नसून माझ्या वतीने वाचावे.

मुद्दा ५: हा मुद्दा मी अनेक वेळा वाचला. जुन्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक व्हॉल्व्हच्या नोंदीपुढे ‘शेरा’ असा एक रकाना आहे. तो मी बावीस वर्षे भरला. हा व्हॉल्व्ह उलटा फिरतो. याच्यावर दुकानाची पायरी आलेली आहे, दुकानदार उठण्यापूर्वी जावे. येथे जोर लावू नये, आटा झिजला आहे, एकदा तुटून अर्धी गल्ली पाण्यात गेली होती. असे सहाशे चाळीस शेरे आहेत. नव्या प्रोग्रॅमचा आराखडा चार वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर आला. त्यातील कलम नऊ असे: ‘शेरा रकाना वगळावा.’ मला कुणी विचारले नाही. मीही काही बोललो नाही. मी येत्या ३१ तारखेस निवृत्त होत आहे. ते शेरे माझ्या डोळ्यांदेखत पुसले जाऊ नयेत, एवढीच इच्छा होती. एक तारखेपासून सदर फॉर्म बिनचूक मानण्यास माझी हरकत नव्हती.

फॉर्म आज मंजूर केला आहे. विभाग या रकान्यात मी ‘नोंदणी’ असे लिहिले आहे. ते नियमात बसत नाही.

आपला,
नोंदणीप्रमुख

ता. क. छायाचित्रात हसण्यास मनाई करणारा कोणताही नियम अस्तित्वात नाही.


२९ ऑक्टोबर

ती. आत्या,

काल सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी आत शिरले. अठ्ठाविसावा दिवस. कंत्राट वाचलं. करारवाल्यांना कळवलं, तर त्यांचं उत्तर आलं, म्हणजे आधीची ती उत्तम प्रगती कुठली होती? मी लिहिलं, ती तयारी होती.

नोंदणीप्रमुखांनी तुला लिहिलेल्या उत्तराची प्रत मला मिळाली, अर्थात माहितीस्तव. वाचून थेट जिना चढले. अठरा पायऱ्या आहेत. अठ्ठावीस दिवस मी त्या अठरा पायऱ्यांखाली बसून शेरे मारत होते.

दार उघडंच होतं. बारीक अंगाचे, अर्ध्या बाह्यांचा सदरा घातलेले गृहस्थ. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मग मी तुझा प्रश्न विचारला, तू त्या इंजिनिअरने विचारायला हवा होता म्हणालीस तोच. म्हटलं, तुम्हाला एवढं ठाऊक कसं? ते दीड तास बोलत होते. मी खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते आणि मला स्वतःची लाज वाटत होती. कारण कलम नऊ मी महिन्यापूर्वीच वाचलं होतं. एक रकाना कमी, तेवढंच काम कमी, असं म्हणून खूश झाले होते.

खाली येऊन मी करारवाल्यांना ईमेल लिहिला. शेरा रकाना ठेवावा लागेल, तो वगळायचा असेल तर मी हे काम करणार नाही. पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं. ज्याच्यासाठी महिनाभर जीव टांगणीला लावला, घरी थापा मारल्या, ते मिळून चार तास झाले नव्हते आणि मी ते स्वतःच्या हाताने फेकून द्यायला निघाले होते. जुन्या साहेबाची जागा दिसत होती, नवऱ्याचा सुस्कारा ऐकू येत होता. तरी पाठवला.

चार मिनिटांत उत्तर आलं. ‘ठेवा ना. तो वगळायला कुणी सांगितलं होतं?’

ते छापून वर घेऊन गेले. वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. त्यांनी दोनदा वाचलं. मग वेळ बघितली, मी पाठवल्याची आणि उत्तर आल्याची.

“चार मिनिटं?” ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

“हा आराखडा आला तेव्हापासून मी एकही शेरा लिहिलेला नाही. म्हटलं, पुसणारच आहेत तर कशाला लिहा. चार वर्षं.” त्यांनी कागदाची घडी केली आणि उलगडली. “दर आठवड्याला फिटर येऊन काही ना काही सांगायचे. मी नुसतं ऐकून घ्यायचो.”

तुझ्यासारखं काहीतरी चुरचुरीत आठवायचा प्रयत्न केला, पण शोभलं नसतं.

घरी गेले आणि जेवताना सगळं सांगितलं. चारशे नोंदी, खुर्ची, तीस दिवसांचं कलम, आणि कंत्राट फेकायला निघाले होते तेही. नवऱ्याने सुस्कारा सोडला नाही. ताट घेऊन उठला आणि भांडी घासायला लागला. तो चिडलाय आणि त्याचं बरोबर आहे. लेकीने विचारलं, मग आज खरंच काय केलंस? मला पहिल्यांदा उत्तर देता आलं.

आज नोंदणीप्रमुख सकाळपासून माझ्या टेबलाशी आहेत. त्या चार वर्षांतले न लिहिलेले शेरे आठवून आठवून ते सांगतात आणि मी टाइप करते. मध्येच डोळे मिटतात, गल्लीचं नाव येतं पण व्हॉल्व्ह येत नाही, कुठल्या फिटरने सांगितलं होतं ते येतं पण काय सांगितलं होतं ते येत नाही. मग आम्ही पुढच्यावर जातो. संध्याकाळपर्यंत त्रेपन्न झाले. किती राहिलेत, विचारलं तर म्हणाले, ते आठवलं तर कळेल. त्यांच्याकडे उद्याचा आणि परवाचा दिवस आहे.

ठकी